दुसरे कडवे

'पाणी उतरू दे' हे गाणे जगाने लक्षात ठेवले ते त्याच्या दुसऱ्या कडव्यासाठी. आणि त्या कडव्यात शब्द एकही नाही. पहिल्या कडव्यात गाणारा नदीला विनवतो, तिसऱ्यात तिच्यावर रुसतो, आणि मधले अर्धे मिनिट ओठ मिटून नुसता गुणगुणतो. असे का, यावर बरेच लिहिले गेले. एकाचे मत, गायक शब्द विसरला. दुसऱ्याचे मत, तो प्यालेला होता. तिसरा विद्यापीठातला, त्याच्या मते दुःख शब्दांच्या पलीकडे गेल्याची ती कलावंताने दिलेली कबुली होती.

ओझेला टॉलिव्हरने ही तिन्ही मते वाचली होती. पहिले खोटे होते, कारण तिचा मावसभाऊ क्लिओटिस पेटवे, म्हणजे तो गायक, एकदा ऐकलेले प्रवचन आठवड्याने जसेच्या तसे म्हणून दाखवीत असे. दुसरे खोटे होते, कारण त्या वयात त्याने दारूला स्पर्श केलेला नव्हता; पुढे केला, ती गोष्ट वेगळी. तिसऱ्याविषयी तिचे म्हणणे एवढेच होते, की शब्द होते. १९६६ च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मर्ली गावात, तिच्या स्वयंपाकघरात ते अर्धेमुर्धे उच्चारलेही गेले होते, आणि त्यांच्यावर पडलेला हात तिचा होता.

त्या सकाळी ती मक्याच्या पावाचे पीठ कालवीत होती. क्लिओटिस गिटार घेऊन मागच्या दाराने आला आणि लाकडाच्या पेटीवर बसला.

"झेला, ऐक. परवा मेम्फिसला रेकॉर्ड करायचंय."

"म्हण की. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

त्याने पहिले कडवे म्हटले:

*नदीबाई गं, पाणी उतरू दे, आता पाणी उतरू दे,*
*माझं माणूस पलीकडं, मला वाट दिसू दे.*

"कोण रे ही पलीकडची?" ओझेला हसून म्हणाली. "ती फटीच्या दातांची का? तिच्यासाठी नदी कशाला उतरायला हवी? ती शीळ घालील, तू पोहत जाशील!"

एरवी या थट्टेला त्याने दुप्पट थट्टा परत केली असती. आज तो हसला नाही. त्याने तार छेडली आणि दुसरे कडवे सुरू केले: *डेल्मर निजलाय तिथं, जिथं...*

पिठाने भरलेला तिचा तळवा त्याच्या तोंडावर बसला. तार वाजत राहिली.

डेल्मर हा तिचा थोरला भाऊ. आठ वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, इस्त्रीचा सदरा घालून तो मतदारयादीत नाव घालायला कचेरीत गेला; काळ्या माणसाने तिथे हे करायचे नसे. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी त्याला गाडीत बसवलेले दोघांनी पाहिले, आणि पाहिले नाही असेही त्याच दोघांनी सांगितले. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. आईने आपल्या मनाशी ठरवून टाकले, की तो उत्तरेला डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात लागला आहे आणि त्याची पत्रे टपालात गहाळ होतात. नाताळाच्या जेवणाला ती त्याचे ताट मांडीत असे. डेल्मर नाहीसा झाला त्याच आठवड्यात क्लिओटिस नदीवर मासे धरायला गेला होता. त्याने तिथे काहीतरी पाहिले असावे, हा संशय ओझेलाला होता. तो संशय या क्षणी खरा झाला.

"वेड लागलंय का तुला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आई पडवीत बसलीय!"

त्याने तिचा हात बाजूला केला. मिशीला पीठ लागले होते. "मावशीला कधीतरी कळायला नको?"

"आणि शेरीफला? त्याच्या घरी रेडिओ नाही का? माझी तीन लेकरं आहेत, क्लिओ. घर लाकडाचं आहे, एक काडी पुरे."

"मग इथं म्हणू काय? कडवं तर लागेल ना."

"काही म्हणू नकोस. तोंड मीट आणि मिटूनच ठेव."

क्लिओटिसने मिशीवरचे पीठ पुसले. मग म्हणाला, "बरं." दोन दिवसांनी, मेम्फिसमध्ये, त्याने अक्षरशः तेच केले.

गाणे त्या उन्हाळ्यात काळ्यांच्या रेडिओवर लागले आणि हिवाळ्यापर्यंत गोऱ्यांच्याही. 'माझं माणूस' म्हणजे प्रेयसी, असे सर्वांनीच धरले. पुढे लांब केसांच्या इंग्रज पोरांनी ते म्हटले, तेव्हा शब्दांना सनई-चौघड्याएवढी वाद्ये लावली. गुणगुणीला मात्र हात लावण्याचे धैर्य त्यांनाही झाले नाही. ती गुणगुण मग सुटीच निघाली. साबणाच्या जाहिरातीत ती वाजली. फुटबॉलच्या मैदानात साठ हजार माणसांनी ती एकदम केली. ओझेलाच्या धाकट्या मुलीने लग्नात पहिला नाच तिच्यावर केला, आणि त्या वेळी ओझेला मांडवामागे उभी राहून धुतलेल्या बशा पुन्हा धूत होती.

हे सारे तिने सोसले असते. असह्य एकच गोष्ट होती: आई ते गाणे गुणगुणत असे. मांडीवर टोपले घेऊन वाल सोलताना तिचे ओठ मिटलेले असत, आणि ज्या कडव्यात तिच्या मुलाचा ठिकाणा होता ते कडवे ती सुरात, संथपणे, शेंगा मोडीत म्हणत असे.

"आई, दुसरं काही म्हण ना."

"का गं? बरं वाटतं मला यानं. आपल्या क्लिओचं आहे."

ओझेलाने क्लिओटिसला 'जिथं'च्या पुढचे कधी विचारले नाही. ते भ्याडपणाचे होते असे कोणी म्हणेल. तिचा हिशेब निराळा होता. ठिकाणा कळला, तर आईसमोर तोंड कोरे ठेवणे आपल्याला जमणार नाही. आणि आईला कळले, तर नाताळाचे ताट उचलावे लागेल. आई आहे तोवर नाही, असे तिने ठरवले. मग क्लिओटिसला विचारायचे, डेल्मरला उकरून काढायचे आणि आईच्या शेजारी ठेवायचे. त्यासाठी चर्चमागच्या दफनभूमीत तिने दोन जागा धरून ठेवल्या होत्या.

आई सत्त्याण्णव वर्षे जगली. १९९४ च्या फेब्रुवारीत ती गेली, आणि तिला पुरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओझेलाने मेम्फिसला क्लिओटिसच्या घरी फोन लावला. शेजारणीने उचलला. क्लिओटिसला अकरा दिवसांपूर्वी झटका आला होता. उजवे अंग गेले होते. बोलणेही.

शुश्रूषागृहात तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. त्याने तिला ओळखले; डोळे भरले. "बरं बरं," तो म्हणाला.

"कसा आहेस क्लिओ?"

"बरं बरं."

"आई गेली रे."

त्याचा चेहरा वाकडा झाला. "बरं बरं," तो म्हणाला, आणि आपल्याच जिभेवर चिडून त्याने मूठ खुर्चीवर आपटली. त्या दोन शब्दांखेरीज त्याच्यापाशी काही उरले नव्हते.

ओझेलाने जिल्ह्याचा नकाशा आणला होता. तो तिने त्याच्या मांडीवर पसरला. "डेल्मर कुठं आहे? जुन्या पुलापाशी? गिरणीच्या मागं? बोट ठेव नुसतं."

त्याचे डावे बोट नदीच्या निळ्या रेघेवर टेकले, थरथरत खाली घसरले, तीन गावे आणि एक तळे ओलांडून नकाशाबाहेर गेले. तिने पुन्हा ठेवले. ते पुन्हा, वेगळ्या वाटेने, बाहेर गेले. पुलापाशी का, असे विचारले तरी तो होकाराची मान हलवी, आणि पुलापाशी नव्हे ना, असे विचारले तरी हलवी.

ट्वायला नावाची परिचारिका गोळ्या घेऊन आली. "ओझेलाबाई, नका त्यांना शिणवू. बोलता येत नाही. गाता मात्र येतं हं."

"काय येतं?"

"गाणं. डॉक्टर म्हणतात, ते मेंदूत वेगळ्या खोलीत असतं. रविवारी चारही कडवी म्हणाले देवाच्या गाण्याची, एक शब्द चुकला नाही. आम्ही बघतच राहिलो!"

ओझेलाने नकाशाची घडी केली. तिने खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावला आणि अठ्ठावीस वर्षांत जे तिने एकदाही तोंडातून काढले नव्हते ते गाणे सुरू केले.

"नदीबाई गं..."

"...पाणी उतरू दे," क्लिओटिस म्हणाला. आवाज फाटका होता, शब्द स्वच्छ. *माझं माणूस पलीकडं, मला वाट दिसू दे.* बाजूच्या टेबलावरचे पत्त्यांचे डाव थांबले. ओझेलाने कान त्याच्या तोंडाशी नेला.

क्लिओटिसने ओठ मिटले आणि गुणगुणायला लागला.

"नाही, नाही. शब्द, क्लिओ. 'डेल्मर निजलाय तिथं, जिथं...' म्हण. जिथं?"

तिने पुन्हा पहिल्यापासून धरले. तो पुन्हा आला, तेवढ्याच स्वच्छपणे, आणि त्याच उंबऱ्यावर ओठ मिटले. तिसऱ्या खेपेला खोलीतले म्हातारेही त्याच्याबरोबर गुणगुणू लागले.

"हाच तर भारी भाग आहे!" पत्त्यांच्या टेबलावरून एकजण ओरडला. "बाई, तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका हो!"

"तोंड उघड," ओझेला म्हणाली. "मी सांगतेय ना, आता उघड. आई नाही. शेरीफ मेला, त्याचा मुलगाही मेला. कोणी काही करत नाही आता. क्लिओ, मीच मीट म्हणाले होते, मीच उघड म्हणतेय."

तिने बोटांनी त्याचे ओठ विलग करायचा प्रयत्न केला. त्याने तिच्याकडे पाहिले. तिचे म्हणणे त्याला समजले, असे तिला वाटले. निदान काहीतरी आठवले, एवढे खास. त्याने डाव्या हाताने तिचे मनगट धरले, बोटे सरळ केली, तिचा तळवा आपल्या तोंडावर नीट, घट्ट बसवला, आणि डोळ्यांनी विचारले: असंच ना?

गुणगुण तिच्या तळव्यात भरली. तळव्याची कातडी थरथरत होती, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. आणि त्या थरथरीतून ती एखादे अक्षर, एखादा पूल, एखादे झाड चाचपून पाहत राहिली.

कडवे संपले. त्याने तिचा हात खाली, तिच्या मांडीवर ठेवला आणि तिसरे कडवे एकेक शब्द स्वच्छ म्हटले.