बिनदोरीचा बोळा

फिलुमेनाच्या घरात बैठकीच्या खोलीपेक्षा गॅरेज मोठं होतं, आणि ही गोष्ट ती पाहुण्यांना आपणहून सांगायची. दुसऱ्या कुणी टोमणा मारण्यापेक्षा आपणच मारलेला बरा. त्या गॅरेजात सात वर्षं शर्यतीची एक जुनी एस्कॉर्ट गाडी उभी होती. बाहेरून पाहावी तर तिच्या सासऱ्याच्या काळातली वाटे, पण आत तिचा मुलगा नात्सू आणि धाकटा भाऊ विस्तिन यांनी सहाशे घोड्यांचं बळ कोंबलं होतं.

"सहाशे घोडे," ती म्हणायची, "आणि मला बाजारातून बटाटे आणायला एक गाढव मिळत नाही."

"असं कसं ताई? नात्सू आहे की," विस्तिन म्हणायचा.

विस्तिन अडुसष्ट वर्षांचा. लग्न केलं नाही, बहिणीच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. छत्तीस वर्षं गोदीत फिटर होता. नात्सूला पाना धरायला त्यानेच शिकवलं, आणि फिलुमेनाचा नवरा गेल्यावर त्या पोराच्या पाठीवर हात होता तोही त्याचाच. गोदीतली एक शिस्त त्याने घरी आणली होती. उघड्या नळीत घाण जाऊ नये म्हणून फडक्याचा बोळा घातला, तर त्याला हातभर लाल दोरी बांधायची आणि ती बाहेर लोंबती ठेवायची. छत्तीस वर्षांत त्याचा एकही बोळा आत राहिला नव्हता. बढाई मारायचा स्वभाव नव्हता त्याचा, पण ही एक मारायचा.

जूनमध्ये गावच्या संतिणीचा, सांता काटरिनाचा उत्सव आला. त्या रविवारी झेयतून गावात दार लावून बसलं तर घरात कुणी गेलं की काय म्हणून लोक विचारायला येतात. फिलुमेनाने गॅरेजही सताड उघडं टाकलं. गाडीला रोज शिव्या घालत असली तरी गावाने ती पाहावी असं तिला मनातून वाटायचंच. नात्सू संतिणीच्या मूर्तीला खांदा द्यायला गेला होता, आणि विस्तिन त्याच्यामागून पाण्याची बाटली घेऊन.

बँड गल्लीत शिरला आणि गच्च्यांवरून कागदाच्या कपट्यांचा असा मारा सुरू झाला की समोरचं घर दिसेना. कपटे उडत गॅरेजात आले. गाडीचं बॉनेट उघडं होतं. एअर फिल्टर विस्तिनने शनिवारी काढून धुतलेला, तो वाळत होता. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडाला लावलेली पिशवी वाऱ्याने कुठल्या कुठे गेली होती, आणि नळी आ वासून बसली होती. टर्बो म्हणजे काय, हे फिलुमेनाला एवढंच ठाऊक होतं की गाडीच्याच धुरावर एक चक्री फिरते आणि इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबते. त्या नरड्यात कागद जायला नको. तिने खोक्यातलं एक निळं फडकं घेतलं, चुरगाळलं आणि बोटांनी नळीच्या वळणापर्यंत आत सारलं. दोरी तिच्या डोक्यातही आली नाही. दोघं आले की सांगू, मनाशी म्हणाली. तेवढ्यात नणंद आठ माणसं घेऊन दारात. चुलीवर सशाचा रस्सा, पाव कापायचा, कुणाला वाइन हवी तर कुणाला बर्फ. बोळा डोक्यातून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी विस्तिनने वाळलेला फिल्टर परत चढवला; वळणाआडचं फडकं दिसण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी हाल फार या गावाजवळच्या धावपट्टीवर मोसमातली शेवटची शर्यत होती. निघण्यापूर्वी नात्सूने गाडी सुरू केली. विस्तिनने मान वाकडी करून कान लावला.

"जरा घुसमटल्यासारखी वाटते रे."

"या उकाड्यात माझाही जीव घुसमटतोय, मामा. चला."

फिलुमेना त्या दिवशी पहिल्यांदाच शर्यत बघायला गेली. काळा झगा घालून, घडीच्या खुर्चीवर, न्यायाधीशासारखी बसली. शेजारच्या बाईला म्हणाली, "तो लाल हेल्मेटवाला माझा. आणि तो म्हातारा, टायर पुसतोय तो, तोही माझाच." दिवा हिरवा झाला. गाडी सुटली ती अशी की फिलुमेनाचा हात आपोआप छातीवर गेला. अर्ध्या वाटेवर ताटं फुटावीत तसा आवाज आला, मागोमाग पांढरा धूर, आणि सात वर्षांची मेहनत घरंगळत जाऊन कडेला उभी राहिली. नात्सू धडधाकट बाहेर आला. हेल्मेट काढून तो गाडीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, कितीतरी वेळ.

संध्याकाळी ती टोमॅटो चोळलेला पाव घेऊन गॅरेजात उतरली, तेव्हा नात्सूने नळी सोडवली होती. चक्रीची पाती तुटून इंजिनात गेली होती, पिस्टन चिरले होते. त्याच्या चिमट्यात निळ्या फडक्याच्या चिंध्या होत्या.

"मामा, हे काय?"

विस्तिनने चष्मा लावला. "बोळा."

"दोरी कुठाय?"

"मी... पिशवी लावली होती ना रे? मला वाटतं पिशवीच लावली होती."

"कुठाय पिशवी? फिल्टर कुणी काढला? मी तर हातही लावला नव्हता!" नात्सूचा आवाज फाटला. "सात वर्षं, मामा. सात वर्षं! लक्षात राहत नसेल तर हात कशाला घालायचा माणसाने?"

पावाची थाळी फिलुमेनाच्या हातात होती. जीभ जागच्या जागी होती, एरवी न विचारता चालणारी. मी केलं, एवढे दोनच शब्द. पण समोर पोरगा असा पेटलेला, आणि आयुष्यभर या घरात चुका दुसऱ्यांनी करायच्या आणि तिने दाखवायच्या, असाच रिवाज. शांत होऊ दे, मग सांगते, असं तिने स्वतःला बजावलं.

"माझंच असणार," विस्तिन म्हणाला. "कान सांगत होता, तरी आठवलं नाही बघ." त्याने हात पुसले आणि जिना चढून गेला. अर्ध्यात थांबला, जणू कुठे चाललो होतो तेच विसरला.

दुसऱ्या दिवशीपासून तो खाली उतरेनासा झाला. महिनाभरात त्याने स्वतःची व्हॅन चालवणं सोडलं, किल्ली नात्सूच्या बायकोला देऊन टाकली. ऑगस्टच्या शेवटी फिलुमेना त्याच्या चादरी बदलायला वर गेली, तेव्हा भिंतींवर चिठ्ठ्या दिसल्या. गॅस बंद. नळ बंद. आज मंगळवार. ताईने बोलावलं तर जाणे. गोदीतलं ते गोल, नीटस अक्षर.

ती पलंगावर बसली. "विस्तिन, तो बोळा मी घातला होता."

तो खिडकीशी शेंगा सोलत होता. "कुठला?"

"गाडीतला. उत्सवाच्या दिवशी. कागद उडत होते, पिशवी नव्हती, म्हणून मी फडकं कोंबलं. तुझ्या दोरीचं मला सुचलं नाही. आणि सांगायचं विसरले."

विस्तिनने तिच्याकडे पाहिलं, आणि हसला. असा मायेने हसला की तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"ताई, बाबांचा कंदील मी फोडला, मार तू खाल्लास. शाळेच्या खिडकीची काच मी फोडली, शिक्षा म्हणून उभी राहिलीस तू. आता पुरे की. अडुसष्ट वर्षांचा झालो मी."

"अरे मूर्खा, खरं सांगतेय!"

"तू काही विसरतेस का कधी? कुणाची कधीची लग्नपत्रिका आली नाही, तेही तुझ्या लक्षात असतं." त्याने सोललेल्या शेंगांची वाटी तिच्याकडे सरकवली. "जा. नात्सूला सांगू नकोस हं असलं. उगाच तुझ्याशी भांडेल."

तिने सांगितलं. नात्सूने ऐकलं, आणि आईचं तोंड पाहून त्याला कळलं की हे खरं आहे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो तीन-तीन पायऱ्या एकदम टाकत वर गेला. फिलुमेना जिन्याखाली कठड्याला धरून उभी राहिली. वरून आधी नात्सूचं रडणं ऐकू आलं, मग विस्तिनचा शांत आवाज.

"तुझी आई आहे ती. माझ्यासाठी खोटं बोलायची तिला लहानपणापासून सवय. तू रागावू नकोस तिच्यावर. आणि माझ्यावरही नको, जमलं तर."

"मामा, खाली चला. नवे पिस्टन आलेत. तुमच्याशिवाय मी कसं—"

"नको रे. आता मला माझीच भीती वाटते."

सप्टेंबरात नात्सूने पुन्हा इंजिन बांधायला घेतलं. फिलुमेना रोज दुपारी खाली उतरू लागली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. एका स्टुलावर बसायची. नात्सू बॉनेटमध्ये वाकलेला असायचा, आणि न बघता हात मागे करायचा, जसा सात वर्षं मामाकडे करत आला होता.

"तेराचा."

ती हत्यारांच्या खोक्यात शोधायची, आकडे डोळ्यांजवळ नेऊन वाचायची, आणि त्या हातात पाना ठेवायची. बहुतेक वेळा चुकीचा असायचा. नात्सू तो पाना खाली ठेवायचा आणि हात पुन्हा मागे करायचा.