मुकुटवाल्या बाईला मत

माझी सासू कार्मोसिना राजाची भक्त होती. चुलीच्या वर एका बाजूला मेरीमाता, दुसऱ्या बाजूला राजा, आणि दोघंही धुरानं सारखेच काळे. ह्याच राजानं तिच्या पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कानियोला, रशियात लढायला धाडलं. तिकडं बर्फात तो कुठं गडप झाला, काही पत्ता नाही. पण म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं नेला तोच आणील. राजाच राहिला नाही तर पोराला घरी आणायचं कुणी?

"आणि तोच पळालाय, त्याचं काय?" मी म्हणायची. म्हातारा राजा मे महिन्यातच मुलाच्या गळ्यात राज्य बांधून परदेशी निघून गेला होता.

"जीभ झडो तुझी, दोनाता!"

माझ्यापुरता कानियो मेला होता. काळे कपडे शिवून झाले, मेणबत्त्या लावून झाल्या, रडणंही उरकलं. आता राजाच्या नावानं बोटं मोडणं एवढंच काम राहिलं होतं, ते मी मनापासून करायची.

मग सेहेचाळीसच्या जूनमध्ये मतदान आलं. राजा हवा की प्रजासत्ताक, आणि ह्यावेळी आम्हा बायकांनाही विचारणार होते! पेपरात आलं की बायकांनी ओठ रंगवून येऊ नये. मतपत्रिका जिभेनं ओली करून चिकटवायची, डाग पडला तर मत बाद. आमच्या गावात ओठ रंगवणारी एकच होती, आणि तिचं घर पाद्री आमेदेओंना बरोबर ठाऊक होतं.

ते पाद्रीबुवा रविवारी गरजले, "बायांनो, वाचता येत नसलं तर घाबरू नका. मुकुट बघा आणि फुली मारा!" एवढा शिकलेला माणूस, पण मतपत्रिका कशी दिसते हे बघायचं काही त्यांना सुचलं नाही.

मतदानाला म्हातारीनं लग्नातली कर्णफुलं घातली. रांगेत मला चिमटा काढून म्हणाली, "मुकुटावर हं! नाहीतर घरात पावाचा तुकडा मिळायचा नाही." मी मान डोलावली आणि आत जाऊन मला हवं तेच केलं.

ती बाहेर आली ती हसतच. "अगं, काय सुंदर काढलीय राणी! डोक्यावर मुकुट, थेट आपल्या मेरीमातेसारखी. मारली फुली."

मी शालीचा बोळा तोंडात कोंबला. ती बाई म्हणजे प्रजासत्ताकाची खूण, आणि तिचा मुकुट किल्ल्याच्या बुरुजांचा! राजाची खूण शेजारी होती, एक ढाल आणि वर मुकुट.

"आणि आई, शेजारचं चित्र?"

"तो सरकारी शिक्का? मिठाच्या दुकानावर असतो तो. कानियोला बोलावणं आलं, त्यावरही तोच होता मेला. त्याला मत देऊ? थुंकणारच होते त्याच्यावर, पण थुंकी चिकटवायला लागली."

खरं काय ते मी बोलले नाही. लग्न झाल्यापासून आम्हा दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, ते कशाला मोडा?

न्हाव्याच्या दुकानातल्या रेडिओवर निकाल लागला. आमच्या गावात राजा जिंकला, देशात हरला. पण गावातही प्रजासत्ताकाला इतकी मतं पडली कशी, म्हणून पाद्रीबुवा पापकबुलीला येणाऱ्या एकेकीला खोदून विचारत बसले. प्रत्येक जपमाळवाली शपथेवर सांगायची, "मुकुटावरच मारली हो, फादर!"

"कोण जिंकलं गं?" सासूनं विचारलं.

"तुम्ही फुली मारली ना, ती बाई."

"मग शाल घे. चल."

आमच्याकडं देवाचीही गय करत नाहीत. नवस बोलायचा, मेणबत्ती द्यायची, आणि संतानं काम केलं नाही तर चारचौघांत त्याचा उद्धार करायचा. नगरपालिकेच्या भिंतीवर मतपत्रिकेचा मोठा नमुना अजून चिकटवलेला होता. म्हातारी त्या बाईच्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐक गं बये! मी तुला मत दिलंय. मिळालं ना राज्य? आता माझं पोर दे. नुसती बसून खाऊ नकोस, फुकटे!"

माणसं जमली, हसायला लागली. कारकून एजिदिओ बाहेर आला. "आजी, अहो, ती राणी नाही, ती..."

"गप रे, एजिदिओ!" मी म्हणाले.

"मग ने बाई हिला घरी. तूच गावभर सांगत असतेस ना, कानियो मेला म्हणून?"

म्हातारी वळली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली. एवढी लहान ती मला कधी दिसली नव्हती. तिला घरी न्यावं म्हणून मी पुढं झाले, दंड धरला, आणि काय झालं देव जाणे, माझंच तोंड त्या भिंतीकडं वळलं.

"कानियो नाव आहे त्याचं!" मी ओरडले. "उंच आहे. डाव्या भुवईवर व्रण आहे. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. लवकर धाड गं, सटवे, लवकर धाड!"