लाल पान

मुलांनो, असं समजा की तुम्ही दोंडाईच्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानात बसला आहात. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर फॉर्मचे नमुने. दुकान नवलभाऊंचं. लोक इथे ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला येतात. मागच्या स्टुलावर त्यांची मुलगी हेमांगी बसली आहे. ती सहावीत आहे.

हेमांगीची आई दिपमाला चैत्रात वारली. तिचा फोन त्याआधीच पाण्यात पडून बिघडला होता. पण त्यातले फोटो आणि व्हिडिओ तिच्या इंटरनेटवरच्या खात्यात राहिले होते. एका व्हिडिओत ती मांडे करत होती. हातावर मांडा फिरवता फिरवता म्हणत होती, "हेमे, फोन बाजूले ठेव, पीठ लागी जाई." हेमांगी शाळेतून आली की दुकानात बसून आवाज बारीक करून तेवढंच ऐकायची. मग दप्तर उघडायची.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एका संस्थेची फॉर्मची साइट होती, तिच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत कधीच संपलेली. ती उघडली की कॉम्प्युटर इशारा द्यायचा, तुमचं कनेक्शन खाजगी नाही. नवलभाऊ न वाचता खालच्या बारीक अक्षरांवर दाबून पुढे जायचे. दिवसातून वीस वेळा. गिऱ्हाईक म्हणायचे, "नवलभाऊ, तुमना कॉम्प्युटर तर रोजच बोंबलस." ते म्हणायचे, बोंबलू द्या, त्याची सवयच आहे ती.

हेमांगी हे रोज बघत होती.

एका दुपारी नवलभाऊ जेवायला घरी गेले होते. आईच्या खात्यात ईमेलनं एक पत्र आलं. जागा भरली आहे, आज पासवर्ड टाकून खात्री केली नाही तर सगळे फोटो पुसले जातील.  हेमांगीनं पत्रातल्या निळ्या ओळीवर लगेच दाबलं. सगळा पडदा लाल झाला. त्यावर लिहिलं होतं की ही साइट धोकादायक आहे, तुमचा पासवर्ड चोरू शकते. तिनं ते वाचलं नाही. खालची बारीक अक्षरं शोधली, दाबली, पुढे गेली आणि आईचा पासवर्ड लिहिला.

नवलभाऊ जेवून आले तोवर खातं बंद झालं होतं. पासवर्ड कोणीतरी बदलला होता. खातं परत मिळवण्यासाठीचा ओटीपी दिपमालाच्या नंबरवर जात होता आणि तो नंबर त्यांनी ज्येष्ठातच बंद केला होता. तीन दिवस त्यांनी खातं चालवणाऱ्या कंपनीला अर्ज लिहिले. प्रत्येक वेळी तेच ठरलेलं उत्तर आलं. चौथ्या दिवशी लिहिणं थांबवलं.

हेमांगी रडली नाही. शाळेत गेली, आली, स्टुलावर बसली. आवाज बारीक करायला आता काही नव्हतं. प्रिंटर चालू होता.

नवलभाऊंनी एकदाच विचारलं, "लाल पान उनं व्हतं ना? वाचं नही का तू?"

"तुम्हीबी कधी वाचतस नही, आप्पा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. नवलभाऊ पडद्याकडे बघत राहिले. 

संध्याकाळी कोकिळाबाई मुलाचा फॉर्म भरायला आल्या. नवलभाऊंनी ती जुनी साइट उघडली. इशारा आला. त्यांचा हात सवयीनं माउसवर सरकला.

हेमांगी स्टुलावरून उठली. तिनं वडिलांच्या हातावर आपला हात ठेवला. मग पडद्यावरचं सगळं, पहिल्या शब्दापासून, शाळेत धडा वाचतात तसं सावकाश मोठ्यानं वाचायला लागली.