पुलाआधीचा थांबा

बसचालकाचं पोट त्याच्या ताब्यात नसलं की काय होतं, ते मला विचारा. अठरा वर्षं स्टेअरिंग धरलंय. पण गेले आठ महिने मार्गावरचा एकेक संडास मला तोंडपाठ झाला होता. वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले, त्यामुळे डोक्यात दुसरा विचारच नाही. बायकोला बोललो नाही. गाडी सोडून डेपोत बसून करायचं काम मागणारा अर्ज तेवढा लिहून खिशात ठेवला.

पण रोज सकाळी संडासाचं दार वाजवणाऱ्या बाईपासून काय लपणार, डोंबल? तिनंच मला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या, आतून दुर्बीणही फिरली. बाई म्हणाल्या, "दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, कधी त्रास झाला, सगळं लिहा."

वही बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, यात जेवण कुठंय? आणि हे 'टायर तपासला, सात मिनिटं उशीर' काय आहे?"

सवयीनं मी फेरीचा कागद भरतात तशी वही भरली होती. गाडी थांबवून पळायचो, तेव्हा पॅसेंजरना टायर बघतो म्हणून सांगायचो. वहीतही तेच लिहिलं.

"आणि जेवण लिहायला खाल्लंय कुठं यांनी!" बायको म्हणाली. "ड्यूटीवर नुसता चहा."

बाईंनी पुन्हा पानं चाळली. "सुट्टीच्या दिवशी टायर एकदम ठणठणीत. बाकी रोज पुलाआधीच. का?"

"पूल ओलांडायला पंचवीस मिनिटं लागतात, मध्ये कुठंच थांबता येत नाही."

"तेच तर. आतड्यात गाठ नाही, सूज नाही. याला आयबीएस म्हणतात. मोठ्या आतड्याच्या नसा हळव्या होतात, धास्ती घेतली की ते आवळतं. उपाशीपोटी चहानं आणखी बिघडतं. त्रास खरा आहे, पण यातून कॅन्सर होत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. बायको मात्र तिथंच रडायला लागली. "आठ महिने एकट्यानं मरण सोसलंत. मी काय परकी होते?" मला तोंड वर करवेना.

सोमवारी जेवून निघालो. पुलाआधी कळ आलीच. गाडी थांबवून उभा राहिलो. कान तापले होते.

"मंडळी, टायर चांगला आहे. मला पोटाचा त्रास आहे. पाच मिनिटांत येतो."

मागून एक टायवाले साहेब उठले. "मीही येतो. रोज पूल संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसतो हो."

मी संडासातून बाहेर आलो तेव्हा त्या साहेबांमागे आणखी तिघं रांगेत उभे होते. अर्ज मी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.