वडीमागे एक ग्रॅम

वहिनीने पुढे केलेल्या हातांवर, बोटांच्या बेचक्यांत, लाल चट्टे उठले होते.

"वन्सं, पाकिटं भरण्याआधी एका वडीने नुसते हात धुतले हो. दोनदाच."

तिचे हात मी नळाखाली धरले. बाहेर दादा पाटीवरचा कागद काढत होता. दहा वाजता दुकान उघडायचं होतं. प्रयोगशाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडून मी हा साबणाचा धंदा काढला होता. परवाना माझा, कृती माझी, प्रत्येक वेष्टनावर सही माझी. दादाकडे फक्त खरेदी. धंदा कसा सुरू करावा याचा तीन दिवसांचा वर्ग त्याने केला होता आणि तिथली वही तो काखेत घेऊनच फिरायचा.

मी वडीचा फेस करून त्यात तपासणीची पट्टी बुडवली. क्षारतेचा आकडा नऊच्या आसपास यायला हवा होता, तो बाराच्या वर गेला. आणखी दोन वड्या तपासल्या. त्याही तशाच. मग कोठीत शोधाशोध केली. पोत्याखाली सोयाबीन तेलाचे रिकामे डबे होते.

दादाला आत बोलावलं. "हे काय?"

"तेल."

"खोबरेलात मिसळलंस?"

"निम्मं निम्मं. खर्च आटोक्यात ठेवा, वहीतली पाचवी पायरीच आहे ती. तुला तरी कुठे कळलं?"

"खोबरेलाच्याच डब्यांत ओतलंस!"

"मग? दुसऱ्या डब्याला तू हात लावला असतास?"

नसताच लावला. लेबल वाचलं आणि वजन केलं, तेल तपासलं नाही. बारा वर्षं दुसऱ्यांना जे शिकवलं, ते स्वतःच्या दुकानात विसरले. माझं डोकं आणखीच तापलं.

"खोबरेलाला लागतो तेवढा कॉस्टिक सोडा या तेलाला लागत नाही. दहा किलो तेलाच्या घाण्यात दीडशे ग्रॅम उरलाय. वड्या दीडशे. वडीमागे एक ग्रॅम."

"एक ग्रॅम!" तो हसला. "प्रोफेसरीणबाई, एका ग्रॅमने कुणाचं काय बिघडतं? माणसं खोळंबलीत बाहेर. आज विकू, पुढच्या वेळी सुधारू. नववी पायरी."

मी हातमोजे घातले, वडी ओली केली आणि त्याच्यासमोर धरली.

"तोंड धू."

"काय?"

"डोळ्यांपर्यंत फेस आण. मग शटर मी स्वतः उघडते."

त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने हात लपवले नाहीत, उलट आणखी पुढे केले.

"अगं, आत्ताच दाढी केलीय मी."

"बाहेरच्यांनी नसेल केली?"

वहिनीला हसू फुटलं. मला नाही. वडी तशीच धरून मी उभी राहिले. हाताला रग लागली तरी दादाने ती घेतली नाही.

मग मी शटर अर्धं उचलून बाहेर गेले. सात-आठ माणसं होती.

"आज साबण मिळणार नाही. माल बिघडलाय. चूक आमची आहे."

"मग बोलावलंत कशाला, पाटी बघायला?" एक बाई फणकारल्या.

त्या वळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, मग शटर ओढून घेतलं.

आत येऊन दादाला म्हणाले, "हातमोजे घाल आणि एकूण एक वेष्टन सोड. माझी सही असलेला एकही कागद बाहेर जाता कामा नये. आणि कोठीची किल्ली इकडे दे."

"भावावर विश्वास नाही?"

"नाही."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. वही मात्र काखेतच होती.