पंधरा दातांची साक्ष

थांबा, मित्रांनो. आधी हात पुढे करा पाहू. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर असे काही दडवलेले नाही ना? बरे, मग बसा. रागावू नका, माझा स्वभावच असा आहे. ज्याला एकदा खोलून बाहेर काढले आहे, तो पुन्हा कोणाच्या गोड बोलण्याला लवकर भुलत नाही.

मी मोटारसायकलचे पुढचे स्प्रॉकेट आहे. म्हणजे पंधरा दातांचे एक लहानसे चाक. इंजिनाच्या डाव्या कुशीला, झाकणाच्या आत माझी जागा होती. इंजिन मला फिरवायचे, मी साखळी ओढायचो आणि साखळी मागचे चाक फिरवायची. मागच्या चाकावर माझेच एक भावंड असते, थाळीएवढे. लोक त्याला पुसतात, चमकवतात. मी मात्र कायम झाकणाआड, चिखलात आणि काळ्या ग्रीसमध्ये. बाहेर माझ्याविषयी काय बोलले जात असेल, या विचाराने माझी झोप उडायची.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, दात पाडले, लालभडक तापवले आणि तेलात बुडवले. हे सगळे म्हणे माझ्याच भल्यासाठी! तेव्हापासून 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो.

माझ्या शेजारी बोटाच्या पेराएवढा एक काळा सेन्सर बसवला होता. मी किती फेऱ्या मारतो ते तो मोजायचा आणि वायरीतून वर मीटरला कळवायचा. गाडी किती किलोमीटर चालली, हे मीटर त्याच्याच सांगण्यावरून ठरवायचे. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि दुसऱ्याचे काम मोजत बसायचे! मला तो पहिल्या दिवसापासून चुगलखोर वाटला.

आमची गाडी घेतली एका तिकीट तपासनिसाने. बसगाड्यांमध्ये चढून तिकिटे तपासण्यात त्याचा जन्म गेलेला. "जो खिडकीबाहेर जरा जास्तच निवांत बघतो ना, त्याच्याकडे तिकीट नसतं," असे तो गाडी पुसताना लेकीला शिकवायचा. दूध घेतले की तो मापाचे बूड बघायचा. कडी लावली की चार वेळा ओढून बघायचा. असा मालक मिळाल्यावर माझे आणि त्याचे जमणारच. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तसे आम्ही दोघे.

पण एक कबूल करतो, त्याने मला जपले. दर सुट्टीच्या दिवशी साखळीला तेल, महिन्या-दोन महिन्यांनी झाकण काढून साफसफाई. रस्ताही सपाट होता. सपाट रस्त्यावर पंधरा दातांचा मी अशा लांब ढांगा टाकायचो की इंजिन नुसते गुणगुणायचे. "गाडी लोण्यासारखी चालते," असे तो शेजाऱ्यांना सांगायचा. गाडी म्हणायचा. स्प्रॉकेट म्हणाला नाही कधी. असो.

पुढे तो निवृत्त झाला आणि गाडी लेकीकडे आली. लेक नर्स. तिची बदली डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात झाली. घरापासून केंद्र बरोबर वीस किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता उभा चढ. मागे लसींची जड पेटी बांधलेली असायची. आता माझी ती लांब ढांगच माझ्या मुळावर आली. चढावर इंजिन धापा टाकायचे, क्लचचा जळका वास यायचा. एकदा शेवटच्या वळणावर गाडीने मानच टाकली आणि ती मागे घसरली. लसींची पेटी वाचवताना पोरीचे कोपर सोलून निघाले.

दुसऱ्याच दिवशी बापलेक मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आले. मिस्त्रीने झाकण काढून माझ्याकडे असे पाहिले की मला काय ते कळले.

"पुढचं स्प्रॉकेट तेरा दातांचं टाकू," तो म्हणाला. "चढाला गाडी पळेल. सपाटीला वेग जरा कमी होईल."

"वेग कमी होणार? मग टाकाच," तपासनीस म्हणाला. मग त्याचा डोळा बारीक झाला. "पण दोन दात कमी, म्हणजे माल कमीच की. किंमत पण कमी ना?"

"काका, दात कोरून कुणाचं पोट भरलंय का?" मिस्त्री हसला.

मित्रांनो, तपासनिसाने मग काय केले ठाऊक आहे? मला काढण्याआधीच खिशातल्या किल्लीने माझ्या अंगावर एक चरा ओढला. "जुना पार्ट मला परत हवा. हाच. कुणाचाही आणून हातात ठेवाल." तो चरा अजून दुखतो. तरीही मनात म्हटले, वा रे पठ्ठ्या! मी असतो तर मीही हेच केले असते.

मिस्त्रीने मागचे चाक सैल केले, साखळी उतरवली, दोन बोल्ट काढले आणि मला दांड्यावरून ओढून घेतले. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला. समोर ते नवे पोर, चकचकीत, तेरा दातांचे, पिशवीतून बाहेर येत होते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, अशातलेच दिसले मला. माझी रवानगी तपासनिसाच्या खोलीत खिडकीवर झाली. वर्तमानपत्र उडू नये म्हणून तो मला त्यावर ठेवायचा.

खिडकीतून अंगण दिसायचे. पोर संध्याकाळी यायची, गाडी लावायची आणि आत जायची. ती आत गेली की तपासनीस चप्पल शोधण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन मीटर बघायचा. मी गाडीत होतो तेव्हा नुसती सवय म्हणून बघायचा. पण नवे स्प्रॉकेट बसल्यावर त्याचा चेहरा बदलला. जाऊन येऊन चाळीस किलोमीटर व्हायचे, तिथे मीटर सेहेचाळीस दाखवू लागले.

चार दिवस त्याने आकडे नुसते टिपून ठेवले. पाचव्या दिवशी जेवताना त्याने विचारले, "आज वाटेत कुठे थांबली होतीस?"

"नाही बाबा."

"दुसऱ्या रस्त्याने आलीस?"

"दुसरा रस्ता आहे कुठे?" पोर म्हणाली आणि शांतपणे जेवत राहिली. ते शांतपण त्याला खुपले. मलाही, खरे सांगतो. अति निवांत माणूस म्हटले की तिकीट नाही, हे आम्ही दोघांनी पक्के धरून ठेवले होते.

रात्री तो बायकोला म्हणाला, "रोज सहा जास्त. एखाद्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी दहा असते तर समजलो असतो. रोज मोजून सहा! म्हणजे ठरलेलं ठिकाण आहे. कुठंतरी पाणी मुरतंय."

"अहो, पोरीलाच विचारा ना सरळ," ती म्हणाली.

"विचारलं. नाही म्हणते."

"मग नाही! पोटची पोर आहे ती, बसमधली पॅसेंजर नाही."

पण संशयाचे असे असते की त्याला खायला काही लागत नाही, तो नुसत्या हवेवर वाढतो. त्याने पोरीच्या डब्याचा वास घेतला. तिच्या बुटांना लागलेली माती बघितली. तिच्या मैत्रिणीला फोन करून इकडचे तिकडचे विचारले. पोरीला ते कळले. तिने आवाज चढवला नाही, पण संध्याकाळी आल्यावर अंगणातून "बाबा, चहा घेणार?" म्हणून हाक मारायची, ती तेवढी बंद झाली. मी खिडकीत बसून नव्या स्प्रॉकेटवर जळत होतो. म्हणत होतो, बघा, मी होतो तोवर घरात कधी खोटे शिरले नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्याने हात पुढे केला. "किल्ली दे. उद्यापासून गाडी माझ्याकडे."

"आणि लसी? डोंगरावर बस जात नाही बाबा. तिथली पोरं वाट बघतात."

"आधी ते सहा किलोमीटर कुठले ते सांग."

पोरीने दातांच्या कण्या केल्या नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सकाळी मागे बसा. मी कुठे जाते ते स्वतःच बघा."

सकाळी तो निघाला, तेव्हा परत येताना मिस्त्रीलाही झापावे म्हणून त्याने मला कोटाच्या खिशात टाकले. त्याच्या मते मिस्त्रीने गाडीचा आवाजही बिघडवला होता. लसींची पेटी मांडीवर, मीटरचा आकडा शून्यावर आणलेला, नजर लेकीच्या खांद्यावरून त्याच्यावर, असा बंदोबस्तात तो बसला. रस्त्याकडेला प्रत्येक किलोमीटरला दगड होता. दहाव्या दगडापाशी तो ओरडला, "थांब!"

गाडी थांबली. मीटरवर साडेअकरा झाले होते. त्याने दगडाकडे बघितले, मीटरकडे बघितले, मग मागच्या सरळ रस्त्याकडे बघितले. कुठे वळण नाही, फाटा नाही.

"चल," तो हळूच म्हणाला.

शेवटचे ते कुप्रसिद्ध वळण आले. दोन माणसे आणि पेटी घेऊन गाडी ते विनातक्रार चढली. मी खिशात दात आवळून बसलो होतो. मला हे कधीच जमले नसते. केंद्राच्या दारात मीटरने तेवीस दाखवले. दगडावर वीस लिहिले होते.

पोर पेटी घेऊन आत गेली. तो बाहेर बाकावर बसला, मला खिशातून काढून माझे दात मोजू लागला. पंधरा. मग गाडीकडे बघत राहिला. तेरा दातांचे ते नवे पोर लहान, म्हणून तेवढ्याच रस्त्याला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मीटर रस्ता मोजतच नाही, फेऱ्या मोजते. बाकावरच्या धुळीत त्याने बोटाने हिशेब मांडला. विसाचे तेवीस, चाळिसाचे सेहेचाळीस. तोच तो चुगलखोर सेन्सर! माझ्या शेजारी इतकी वर्षे बसला होता आणि हे माझ्याही डोक्यात आले नाही. संशय घेण्यात आम्ही दोघे इतके गुंतलो की विचार करायचे राहूनच गेले.

तपासनीस धावतच आत गेला. पोर एका बाळाला वजनकाट्यावर ठेवत होती. चोर पकडल्याच्या आनंदात तो म्हणाला, "सापडलं! अगं, मीटर खोटं बोलतंय! या पंधरा दातांच्या जागी तेरा आले ना, म्हणून. तुझी काही चूक नाही!"

पोरीने बाळाचे वजन वाचले, त्याला आईच्या हातात दिले. मग ती वळली.

"मीटर खोटं आहे हे तुम्हाला आज कळलं बाबा. मी खरी आहे, हे त्याआधी का नाही कळलं?"

तो माझे दात पुन्हा मोजू लागला.

"इथे मागे नर्सची खोली रिकामी आहे," ती पुढे म्हणाली. "मी गेल्या आठवड्यातच मागून घेतली. सुट्टीला येत जाईन घरी."

त्याने मला मुठीत इतके घट्ट धरले की माझे दात त्याच्या तळव्यात रुतले.

परतताना त्याला एका टेम्पोवाल्याने गॅरेजपाशी सोडले. मिस्त्री म्हणाला, "काका, जुनंच परत बसवून देऊ? मीटर बरोबर येईल." माझा जीव हरखला. पण तपासनीस म्हणाला, "नको. तिला चढ आहे." एवढेच. तिथे माझी नोकरी कायमची संपली, मित्रांनो. राग आला नाही. त्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःचे मोजमाप सोडून तिचा रस्ता बघितला होता.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. तुम्हाला एवढेच विनवतो. तुमच्या सायकलीच्या, गाडीच्या साखळीला वेळेवर तेल द्या. झाकणाआड कोणी राबत असेल तर कधीतरी झाकण उघडून त्याची विचारपूस करा. आणि आपल्या माणसाच्या शब्दावर तो तपासण्याआधी विश्वास ठेवा. तपासून झाल्यावर कोणीही ठेवतो.

सुट्टीच्या दिवशी पोर येते. तपासनीस फाटकाशीच उभा असतो. ती आत गेली की तो फडके घेऊन गाडी पुसायला बसतो. चाके पुसतो, टाकी पुसतो, साखळीला तेल देतो. मीटरची काच तेवढी पुसत नाही. तिच्यावर आता इतकी धूळ बसली आहे की आतले आकडे दिसतच नाहीत.