ऱ वगळला तेव्हा

बजाजनगरातली रत्नमाला फॉन्टची अक्षरं काढते. नोएडाच्या एका कंपनीनं तिला मराठी फॉन्टचं काम दिलं आणि सोबत लागणाऱ्या अक्षरांची यादी पाठवली. यादी हिंदीची होती. त्यात ळ नव्हता, ॲ नव्हता, ऱ नव्हता.

ती भांडली. ळ मिळाला, ॲ मिळाला. ऱ वर मात्र तिथला प्रमुख माथुर अडून बसला.

"एक बिंदी के लिए इतना झगड़ा? जहाँ वो आए, सादा र दिखा दो. किसको पता चलेगा?"

चाचणीसाठी तिनं तसाच, ऱ नसलेला फॉन्ट भावाला, सम्यकला दिला. त्याचं छावणीत छपाईचं दुकान. त्यानं पहिलंच काम त्यात केलं: फुलंब्रीच्या काकासाहेबांच्या घरच्या लग्नाची, कुणी काय करायचं ते सांगणारी पत्रकं. सम्यकनं 'आचाऱ्यांनी सकाळी सातला येऊन कांदे चिरावेत' असं नीट टाइप केलं. छापून आलं 'आचार्यांनी'. बघतो कोण?

लग्नाला आशीर्वाद द्यायला आचार्य सर्जेराव येणार होते. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली, त्यामुळं काढून घेणारं कुणी नव्हतं. काकासाहेबांच्या पोरांनी पत्रक त्यांच्याही घरी टाकलं.

सकाळी साडेसातला सर्जेराव जाब विचारायला आले, मागं दोन शिष्य. आचाऱ्याचा पत्ता नव्हता. स्वयंपाकावर नजर ठेवणाऱ्या मालनबाई कांद्याच्या पोत्यांपाशी वाट बघत बसल्या होत्या.

"लई उशीर केला. बसा, ही घ्या सुरी."

"मी आचार्य आहे!"

"व्हय, मंग? कागदावर तुमचंच नाव हाय ना?"

सर्जेरावांनी पत्रक पुढं धरलं. मालनबाईंनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "हेच तर म्हणते मी."

तोवर वऱ्हाडी जमले, मोबाईल वर झाले. आता माघार घेतली तर सेवाभावाचं काय? सर्जेराव मांडी घालून बसले. चौथ्या कांद्याला ढसाढसा रडू लागले. शिष्यांनी व्हिडिओ टाकला: 'अहंकार गळतोय.' दुपारपर्यंत तो शहरभर फिरला.

आचारी नऊला आला. "कागदात माझं नावच नाय," म्हणाला आणि चिरलेल्या कांद्याकडं बघून तोंड वाकडं केलं.

सम्यकनं घाबरत रत्नमालाला पत्रकाचा फोटो पाठवला. ती इतकी हसली की ठसका लागला. मग तिनं फोटो आणि व्हिडिओ माथुरला पाठवून खाली लिहिलं, 'पत्रकातला आचाऱ्यांनी हा शब्द स्वयंपाक्यासाठी होता. तुमच्या र मुळं धर्मगुरूचा झाला.'

माथुरचा लगेच फोन आला. मागं अख्खं ऑफिस खिदळत होतं.

"ठीक है, ऱ डाल दो. और भी ऐसा कुछ है क्या?"

"आहे ना. मराठी ल आणि श चं वळण वेगळं असतं. वाङ्मय लिहायला ङ ला म जोडावा लागतो. पेन आहे का हाताशी?"